माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर आणि दिवाणखान्यातले स्पीकर

दिवाळीची आवराआवर निघाली की अनेक व्यापारी घरांच्या माळ्यावरून एक पेटी खाली उतरते. रेक्झिनने मढवलेली, सुटकेससारखी. झाकण उघडले की आत रबरी चटई घातलेली फिरती थाळी आणि तिच्या कडेला विसावलेला सुईचा दांडा. सोबत जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेल्या चाळीस-पन्नास तबकड्या. आज घरात जे वडीलधारे आहेत, त्यांच्या तारुण्यात सायंकाळची जेवणे आटोपल्यावर सारे कुटुंब या पेटीभोवती बसत असे. आता भंगारवाला तिची किंमत वजनावर करतो.

तरुण पिढीला मात्र ती सहजी टाकवत नाही. दिवाणखान्यात नवे स्टीरिओ स्पीकर आलेले असतात. नातू कोठून तरी एक वायर मिळवतो, पेटी स्पीकरला जोडतो आणि आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवतो. त्या भारदस्त स्पीकरमधून डासाच्या गुणगुणीसारखा, खर्ज नसलेला आवाज येतो किंवा नुसतीच घरघर. 'मशीन गेले' असा निकाल तिथल्या तिथे लागतो. हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो. यंत्र शाबूत असते. चुकलेली असते ती जोडणी.

प्रश्न केवळ एका जुन्या वस्तूचा असता तर तो एवढ्यावर सोडता आला असता. परंतु अशा गाठोड्यांत ज्या तबकड्या असतात त्यांपैकी सगळ्याच पुढे कॅसेटवर किंवा सीडीवर आल्या नाहीत. नामवंतांचे गाणे आज मोबाइलवर सापडते. एखाद्या गावोगाव फिरणाऱ्या गायकाने गायलेले स्तवन, दोन हंगाम गाजलेल्या नाटकातील पद, विस्मृतीत गेलेल्या भावगीतगायिकेचे गीत यांची एकच प्रत घरात उरलेली असू शकते. चुकीच्या सुईखाली ती तबकडी चार-सहा वेळा फिरली की तिच्यातील आवाज कायमचा झिजतो. तो कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. शिवाय ज्या आजींना ते गीत ऐकायचे आहे, त्यांच्या कानांची मुदतही वाढवून मिळणारी नाही. म्हणून हे काम लवकर व्हावे आणि नीट व्हावे, या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे.

भारतात तबकडीचे युग दीर्घ काळ टिकले. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. १९०८ मध्ये त्याच शहरात सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला आणि पुढे तो व्याप डमडमला गेला. लाखेच्या जड, ठिसूळ तबकड्या मिनिटाला 78 फेरे घेत व एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजत. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांची गाणी महाराष्ट्राने प्रथम अशा तुकड्यांतच ऐकली. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइलची, 33⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे गायन मावू लागले, आणि रागसंगीताला निदान श्वास घेण्यापुरती जागा मिळाली. दोन कण्यांचे, म्हणजे डाव्या-उजव्या वाहिनीचे स्टीरिओ मुद्रण १९५७-५८ पासून बाजारात आले. १९८० च्या दशकात कॅसेटने हे सारे बाजूला सारले आणि पेट्या माळ्यावर गेल्या.

आता जोडणीच्या मुळाशी जाऊ. तबकडीवरील नागमोडी चरातून सुई धावते तेव्हा ती थरथरते. त्या थरथरीची वीज बनविण्याचे काम सुईमागील छोटासा भाग करतो. त्याला कार्ट्रिज म्हणतात. ही वीज किती निर्माण होते, यावर पुढचा सारा हिशेब अवलंबून आहे. आणि कार्ट्रिजची घराणी दोन आहेत, हे ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

पहिले घराणे सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिजचे. यातील स्फटिकावर दाब पडला की वीज निर्माण होते. ती चांगली भरघोस, अर्ध्या व्होल्टच्या आसपास असू शकते. घरोघरी पोहोचलेल्या 'एचएमव्ही फिएस्टा'सारख्या पेटीवजा प्लेअरमध्ये याच घराण्यातील कार्ट्रिज असे, कारण त्याच्यासाठी फारसा खर्चिक अॅम्प्लिफायर लागत नसे. दुसरे घराणे चुंबकीय कार्ट्रिजचे. सुईच्या शेपटाशी सूक्ष्म चुंबक असतो, तो तारेच्या वेटोळ्यांजवळ हलतो व वीज तयार होते. ही वीज मात्र तीन ते पाच मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचे पाच हजारांश भरते. नवे स्पीकर ज्या सीडी प्लेअरच्या सवयीचे असतात, तो दोन व्होल्टपर्यंत वीज देतो. पाच मिलिव्होल्ट आणि दोन व्होल्ट यांत चारशेपटींचे अंतर आहे. हे अंतर आवाजाचे बटण फिरवून भरून निघत नाही.

घरातील यंत्र कोणत्या घराण्याचे, हे ओळखणे कठीण नाही. पेटीतच लाऊडस्पीकर बसवलेला असेल, दांडा जड असून त्याचा भार स्प्रिंगने सांभाळलेला असेल, आणि सुईजवळ 78 व एलपी अशी बाजू बदलण्याची छोटी खिट्टी असेल, तर ते सिरॅमिक किंवा क्रिस्टल समजावे. याउलट यंत्र म्हणजे नुसता टर्नटेबल असेल, दांड्याच्या मागे फिरवून मागेपुढे करता येणारे वजन असेल, मागून लाल-पांढऱ्या पिनांच्या दोन वायरी आणि तिसरी एक बारीक उघडी वायर निघत असेल, तर ते चुंबकीय असण्याचीच शक्यता अधिक. १९७०-८० च्या दशकांत हौशी लोकांनी घेतलेले गॅरार्ड, फिलिप्स, सोनोडाइन किंवा कॉस्मिकचे संच तपासताना ही खूण उपयोगी पडते.

चुंबकीय कार्ट्रिजच्या बाबतीत केवळ वीज वाढवून भागत नाही. आणखी एक नोंद उलटी करावी लागते. तबकडी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम कमी केलेले असतात. ते मूळ प्रमाणात कापले तर चर इतका रुंद डुलेल की शेजारच्या चरात घुसेल आणि तबकडीवर गाणे मावणार नाही. वरच्या पट्टीचे स्वर मात्र मुद्दाम वाढवून कापतात, म्हणजे वाजवताना ते पुन्हा उतरवले की त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही उतरते. ही वजावट आणि वाढ किती असावी याचे प्रमाण अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ मध्ये ठरवले. 'आरआयएए' या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. 20 हर्ट्झच्या खोल खर्जाला सुमारे 20 डेसिबलची, म्हणजे दहापट कपात आणि 20,000 हर्ट्झच्या टोकाला जवळजवळ तितकीच वाढ. ज्यांनी जन्मभर जमा-नावे सांभाळले त्यांना यात अवघड काही नाही: मुद्रण करताना जी नोंद घातली तिची उलट नोंद वाजवताना घालावयाची, तरच खाते जुळते. नातवाने थेट जोडलेल्या प्लेअरचा आवाज डासासारखा येतो त्याचे कारण हेच. वीज अपुरी आणि खर्जाची वजावट तशीच राहिलेली.

ही दोन्ही कामे करणाऱ्या छोट्या डबीला फोनो प्रीअॅम्प्लिफायर, व्यवहारात फोनो प्रीअँप म्हणतात. ती हजार हर्ट्झच्या मध्यम स्वरावर वीज सुमारे शंभरपटींनी वाढवते आणि आरआयएएची उलट नोंदही घालते. पाच मिलिव्होल्टचे त्यामुळे अर्धा व्होल्ट होतात आणि आधुनिक स्पीकरला ते पचतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत चौकशी केल्यास अशी डबी मिळते किंवा मागवून देतात. साधी डबी चांगल्या स्पीकरच्या किमतीच्या अल्पशा अंशात येते. विक्रेत्याला 'एमएम फोनो प्रीअँप' असे स्पष्ट सांगावे. नुसता 'प्रीअँप' म्हटले की मायक्रोफोनची डबी हाती ठेवली जाण्याचा संभव असतो, आणि तिने आवाज वाढतो पण खर्ज परत येत नाही.

डबी विकत घेण्यापूर्वी घरातील जुना अॅम्प्लिफायर असल्यास त्याची मागची बाजू पाहावी. तेथे 'फोनो' असे लिहिलेली भोके असतील तर प्रीअँप त्याच्या पोटातच आहे. निराळा खर्च नको. अलीकडच्या टर्नटेबलांमध्येही तो पोटात असतो आणि मागे 'फोनो' व 'लाइन' अशी निवड करणारी कळ असते. थेट स्पीकरला जोडायचे तर कळ 'लाइन'वर हवी. कळ 'लाइन'वर ठेवून वायर अॅम्प्लिफायरच्या 'फोनो'त घातली तर दोनदा वाढ होऊन आवाज फाटतो. एकाच रकमेवर दोनदा व्याज लावण्यासारखा हा प्रकार आहे.

सिरॅमिकचे गणित वेगळे. त्याची वीज पुरेशी असते, आणि त्याच्या स्वभावामुळे आरआयएएची उलट नोंदही बरीचशी आपोआप घातली जाते; पण एका अटीवर. त्याच्यापुढे जे उपकरण येईल त्याचा अंतर्गत रोध दहा लाख ओहमच्या घरात हवा. आधुनिक स्पीकरच्या प्रवेशाचा रोध साधारण दहा ते पन्नास हजार ओहम असतो. एवढ्या कमी रोधावर जोडले की सिरॅमिकचा खर्ज गळून जातो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. त्यावर उपाय म्हणून काही जण सिरॅमिकची वायर 'फोनो'त खुपसतात. तेथे ती वीज अतोनात ठरते आणि गाणे घुमून फाटते. एखादा कारागीर मध्ये मोठ्या रोधाचा रेझिस्टर टाकून देतो. त्याने खर्ज परत येतो, मात्र आवाज पुष्कळ खाली जातो. मधला चांगला मार्ग म्हणजे उच्च रोधाचा 'बफर' बसवणे. कोणताही जाणता इलेक्ट्रॉनिक्स कारागीर एका छोट्या डबीत तो करून देऊ शकतो. घरातील कोणाला गिटार वाजवण्याचा छंद असेल व मिक्सर असेल, तर त्यावरील गिटारसाठीचा प्रवेश बहुधा दहा लाख ओहमचाच असतो, आणि सिरॅमिक प्लेअर तेथे सुखाने नांदतो.

क्रिस्टल कार्ट्रिजबद्दल एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. त्यातील रोशेल मीठ नावाचा स्फटिक दमट हवेत ओलावा धरतो आणि उन्हाळ्याच्या उष्णतेनेही नासतो. चाळीस पावसाळे माळ्यावर काढलेले क्रिस्टल कार्ट्रिज अनेकदा मृतच निघते. जोडणी बरोबर असूनही आवाज क्षीण किंवा शून्य असेल तर संपूर्ण यंत्र भंगारात काढू नये. तेवढे कार्ट्रिज बदलून त्याजागी सिरॅमिक बसवता येते.

पेटीत अॅम्प्लिफायर आणि लाऊडस्पीकर असल्यावर त्या लाऊडस्पीकरच्याच तारा कापून नव्या स्पीकरला का जोडू नयेत, असे अनेकांना वाटते. आवाज येईलही. परंतु जुन्या अॅम्प्लिफायरचे सारे दोष, वाळलेल्या कपॅसिटरची घरघर व खरखर, नव्या स्पीकरमधून अधिक स्पष्ट ऐकू येतील; आणि नवे पैसे खर्च करून जुनाच आवाज मोठा करण्यात हशील नाही. वायर थेट कार्ट्रिजपासून काढावी, आतील अॅम्प्लिफायर वगळावा, मोटर व थाळी तेवढी वापरावी. हे करताना मूळ तारा कापून फेकू नयेत. त्या बाजूला बांधून ठेवल्या तर पेटी पुन्हा पूर्ववत करता येते. बैठकीत शोभेला ठेवलेली अशी पेटी तिच्या स्वतःच्या आवाजातही कधी तरी ऐकावीशी वाटते.

आणि विजेची सुरक्षितता. मुख्य वीजप्रवाहावर चालणाऱ्या काही स्वस्त, जुन्या व्हॉल्व्हच्या प्लेअरमध्ये आतील लोखंडी चौकट वीजवाहिनीलाच जोडलेली असे. पेटी लाकडी असल्याने तेव्हा कोणाला धक्का बसत नव्हता. परंतु आज त्या चौकटीवरून निघालेली वायर नव्या स्पीकरच्या पिनेत गेली की तीच वीज उघड्या पिनेवर येऊन बसते. असे यंत्र स्वतः उघडू नये. कारागिराकडून मीटरने तपासून घ्यावे आणि प्रथम चालू करताना सिरीज बल्बवर चालू करावे, म्हणजे आत शॉर्ट असल्यास बल्ब पेटतो आणि मोटर वाचते. कापड गुंडाळलेल्या दोन तारांची जुनी कॉर्ड भेगाळलेली असेल तर बदलूनच घ्यावी. या कामात शंभर-दोनशे रुपये वाचवणारा गृहस्थ व्यवहारचतुर म्हणता येणार नाही.

आता स्पीकरकडे. स्पीकर दोन प्रकारचे मिळतात. ज्यांची स्वतःची विजेची कॉर्ड असते, त्यांच्या पोटात अॅम्प्लिफायर असतो. प्रीअँपची वायर थेट त्यांच्या लाल-पांढऱ्या भोकांत किंवा 'ऑक्स'च्या बारीक छिद्रात जाते. ज्यांच्या मागे फक्त लाल व काळी अशी दोन टोके असतात, त्यांना निराळा अॅम्प्लिफायर लागतो. प्रीअँप त्यांना थेट जोडून काहीही ऐकू येणार नाही. अॅम्प्लिफायरवरील लाल टोक स्पीकरच्या लालला, काळे काळ्याला, हे दोन्ही बाजूंना काटेकोर पाळावे. एका स्पीकरच्या तारा उलट झाल्या तर दोन्ही स्पीकर एकमेकांविरुद्ध ओढतात, खर्ज नाहीसा होतो आणि गायक समोर बसल्याचा भास मोडतो. टीव्हीखाली ठेवावयाचे लांबट साउंडबार घेण्याचा बेत असेल तर आधी त्याच्या मागे 'ऑक्स' आहे का हे पाहावे. अनेकांना आता ते नसतेच, आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही. जुन्या फिलिप्ससारख्या युरोपीय वळणाच्या यंत्राला पाच काट्यांची गोल पिन असेल तर तिच्यासाठी बदल-वायर मिळते. पिन कापण्याची गरज नाही.

पेटी मोनो असेल, म्हणजे कार्ट्रिजपासून एकच वाहिनी निघत असेल, तर एकातून दोन निघणारी वायर लावून तोच आवाज दोन्ही स्पीकरना द्यावा. मात्र अशा जुन्या मोनो कार्ट्रिजवर स्टीरिओ तबकडी वाजवू नये. स्टीरिओ चराच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या कोरलेल्या असतात, आतल्या भिंतीवर डावी व बाहेरच्या भिंतीवर उजवी. त्यामुळे सुईला आडव्याबरोबर उभेही हलावे लागते. जुनी मोनो सुई उभी हलायला तयार नसते, ती चर खरवडत जाते. उलट व्यवहार मात्र निर्धोक आहे: मोनो एलपी स्टीरिओ कार्ट्रिजवर खुशाल वाजवावी आणि अॅम्प्लिफायरवर 'मोनो'चे बटण असेल तर ते दाबावे, खरखर लक्षणीय कमी होते.

जोडणी पूर्ण झाल्यावर बहुधा एक 'हंऽऽ' असा अखंड घुमार ऐकू येतो. आपल्याकडील 50 हर्ट्झच्या विजेचा तो सूर आहे. टर्नटेबलमधून निघालेली बारीक उघडी वायर याचसाठी असते. ती प्रीअँप किंवा अॅम्प्लिफायरवरील 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूखाली आवळावी. तरीही घुमार राहिला तर प्रीअँपची डबी कोणत्याही ट्रान्सफॉर्मरपासून, इंटरनेटच्या राउटरपासून दूर सरकवावी. टर्नटेबल ते प्रीअँप ही वायर मीटर-दीड मीटरपेक्षा लांब नसावी, कारण तेथील वीज नाजूक असते. प्रीअँपनंतरची वायर लांबली तरी चालते. स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतील तर डबी प्लेअरजवळ ठेवावी.

बैठकीच्या मांडणीत एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. एकाच शोकेसवर मध्ये प्लेअर आणि दोन्ही बाजूंना स्पीकर, अशी देखणी मांडणी केली जाते. स्पीकरचा हादरा लाकडातून सुईपर्यंत जातो, सुई तो पुन्हा वाजवते, आणि आवाज वाढवताच गुरगुर सुरू होते. स्पीकर निराळ्या स्टँडवर किंवा भिंतीच्या फळीवर ठेवावेत. ऐकणाऱ्याची बैठक व दोन स्पीकर यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. आजींची आरामखुर्ची भिंतीजवळून थोडी पुढे ओढावी लागली तरी हरकत नाही.

थाळीचा वेग तपासण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवावा आणि घड्याळ लावून फेरे मोजावेत: 33⅓ च्या वेगाला तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे व्हावयास हवेत. कमी भरले तर बेल्ट सैल झालेला असतो किंवा मोटर व थाळी यांमधील रबरी चाक कडक झालेले असते. दोन्ही बदलता येतात. अमेरिकेतील नातेवाइकांनी तिकडचा जुना टर्नटेबल आणून दिला असेल तर निराळी अडचण उद्भवते. तेथे वीज सुमारे 120 व्होल्ट व 60 हर्ट्झची असते. येथे ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, हर्ट्झ मात्र 50 च राहतात. जुन्या पद्धतीची एसी मोटर हर्ट्झप्रमाणे फिरते, म्हणून थाळी 33⅓ ऐवजी 27.8 फेरेच घेते. किशोर कुमारांचा आवाज त्या वेगाला कोणी अनोळखी, थकलेल्या माणसाचा वाटू लागतो. त्या मोटरसाठी 50 हर्ट्झची पुली मिळाली तर काम होते. अलीकडच्या डीसी मोटरच्या यंत्रांना हा त्रास नाही.

लाखेच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी सुई निराळी लागते. त्यांचा चर रुंद असतो. सुईचे टोक सुमारे 75 मायक्रॉनचे हवे. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून फार मोठी नसते. एलपीची सुई 78 वर टाकली तर ती चराच्या तळाशी घासत धूळ वाजवते. 78 ची सुई एलपीवर टाकली तर एलपी गेलीच. खिट्टी कोणत्या बाजूला आहे हे प्रत्येक वेळी पाहणे एवढाच त्यावर उपाय. शिवाय जुन्या 78 तबकड्या १९५४ च्या प्रमाणापूर्वीच्या असल्याने त्यांत वरचे स्वर वाढवलेले नसतात. फोनो प्रीअँपमधून त्या मंद, झाकोळलेल्या वाटतात. अॅम्प्लिफायरवरील 'ट्रेबल' थोडा चढवावा, एवढे पुरते. त्या पुसताना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण वापरू नये, लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओलसर केलेले मऊ कापड फिरवून लगेच कोरडे करावे.

बिनतारी, म्हणजे ब्लूटूथने जोडणी करणाऱ्या डब्याही मिळतात. सोय मोठी आहे, घरात तारांचे जाळे राहत नाही, आणि ज्येष्ठांच्या कानांना फरक जाणवेल असेही नाही. तरीही ब्लूटूथचा प्रेषक प्रीअँपच्या नंतर लावायचा असतो, त्याच्याऐवजी नव्हे. हे न समजल्याने डासाची गुणगुण बिनतारी होऊन ऐकू येते इतकेच. जेथे तार नेणे शक्य आहे तेथे तार न्यावी.

बाजारात अलीकडे रंगीबेरंगी सुटकेस-प्लेअर आले आहेत. दिसायला जुन्या पेटीसारखेच, किंमत माफक. त्यांतील पुष्कळांत सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि दांड्याचा भार कमी-जास्त करण्याची सोय नसते. नातवंडांच्या हौसेला ते ठीक आहेत. घरातील एकुलत्या एका प्रतीसाठी नाहीत. सिरॅमिकची सुई पाच ग्रॅम किंवा त्याहून अधिक भाराने चरावर दाबली जाते, चांगली चुंबकीय सुई दीड ते अडीच ग्रॅमवर चालते. म्हणून गाठोड्यात खरोखर दुर्मीळ अशा एलपी असतील, तर जुनी पेटी शोभेला ठेवून एखादा साधा चुंबकीय कार्ट्रिजचा टर्नटेबल घेणे आणि पहिल्याच वेळी त्या तबकड्या संगणकावर उतरवून घेणे, हा खर्च वाजवी आहे. प्रीअँपच्या बाहेर पडणारी वायर संगणकाच्या 'लाइन इन'ला जोडली की ते काम घरच्या घरी होते. परदेशी असलेल्या मुलांना त्या फाइली पाठवता येतात.

पैसे मर्यादित असतील तर ते प्रथम सुईवर खर्चावेत, मग प्रीअँपवर, आणि उरतील ते स्पीकरवर. घरोघरी क्रम नेमका उलटा असतो, कारण स्पीकर पाहुण्यांना दिसतात. जुनी सुई भिंगाखाली पाहिली असता टोक चपटे, तिरके झालेले दिसले तर तिने एकही तबकडी वाजवू नये. नीलमण्याची, म्हणजे सफायरची सुई लवकर झिजते. हिऱ्याची कितीतरी पटींनी अधिक चालते. कार्ट्रिजचा क्रमांक त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत असतो. तो टिपून घेतला किंवा त्याचे छायाचित्र काढले तर विक्रेता जुळणारी सुई मागवू शकतो.

सारे जुळून आल्यावर प्रथम गाठोड्यातील सर्वांत कमी मोलाची, आधीच ओरखडे गेलेली तबकडी लावावी. आवाज अगदी खाली ठेवून सुई हलकेच टेकवावी, मग तो हळूहळू वाढवावा. दोन्ही स्पीकरमधून आवाज येतो का, गायक मध्यावर उभा राहतो का, शेवटच्या चरांत सुई उडी मारत नाही ना, हे पाहावे. एक पूर्ण बाजू निर्वेध वाजल्यानंतर सुईचे टोक मऊ ब्रशने मागून पुढे झाडावे, आणि आजींना विचारावे की त्यांची तबकडी कोणती.